भट्टीची खंडेनवमी

लोकांना नवरात्रात उत्साह येतो, मला थकवा येतो. पाऊस गेलेला असतो, पण भिंतीतली ओल गेलेली नसते, आणि ऊन मात्र मे महिन्याला लाजवेल असं पडतं. परळच्या पुलाखालून चालताना झेंडूच्या पोत्यांचा आंबूस वास येतो. बायका त्या त्या दिवसाच्या रंगाच्या साड्या नेसून कामाला निघालेल्या असतात. मी ज्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते तिथेही स्टाफरूममध्ये रंगांचं वेळापत्रक लावतात, आणि मी दरवर्षी चुकीच्या रंगात जाते. "परब मॅडम, आज मोरपंखी होता," असं कुणीतरी प्रेमाने सांगतं. उद्या बघू, असं म्हणून मी वर्गाकडे निघते. या नऊ दिवसांत माझा जीव कशात लागत नाही, आणि का लागत नाही ते मला चांगलं ठाऊक आहे. वीसेक वर्षांपूर्वीच्या एका खंडेनवमीला माझं भलं झालं. ज्या माणसामुळे झालं त्याला मी ते कित्येक वर्षं सांगितलं नाही. सांगायला जीभ रेटली नाही, आणि मग न सांगण्याचीच सवय होऊन गेली.

खंडेनवमी म्हणजे आमच्याकडे गिरणीची पूजा. आता ज्यांच्या घरात लॅपटॉपला फूल वाहतात त्यांना याची कल्पना यायची नाही. माझे बाबा साचेवाले होते, म्हणजे कापड विणायच्या खात्यात मागावर काम करायचे. वर्षभर गिरणीच्या दारातून बायकापोरांना आत प्रवेश नसे, पण त्या एका दिवशी असे. आईने माझी वेणी इतकी घट्ट घातली होती की डोळे ताणले गेले होते, एवढं स्पष्ट आठवतं. बाबांनी मला त्यांच्या साच्यापाशी नेलं. मी काहीतरी प्रचंड, धडधडणारं बघायला गेले होते आणि साचा तर गप्प उभा होता, झेंडूची माळ घालून, हळदकुंकू लावून, लग्नाला बसवलेल्या नवऱ्यासारखा. जमिनीवर कापसाचा एक तंतू नव्हता. बाबा म्हणाले, "हात लाव." मी लावला. लोखंड गार होतं आणि हाताला तेलाचा ओशटपणा लागला. बाबा एरवी घरात फारसं बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी दोन दिवस साचा कसा घासला, कुठल्या खाचेतला कापूस सुईने काढला, ते मला इतक्या बारकाईने सांगितलं की मला कंटाळा आला. मी सहा वर्षांची होते. पुढच्या जानेवारीत संप सुरू झाला.

संपातल्या पहिल्या खंडेनवमीला बाबा अंघोळ करून नारळ घेऊन निघाले. आई म्हणाली, "गिरणी बंद आसा, खंय जातास?" त्यांनी चपला घातल्या. मी मागे मागे गेले. गेटवर पोलीस होते. बाबांसारखे आणखी दहा-बाराजण नारळ घेऊन उभे होते. एकमेकांकडे बघत नव्हते. शेवटी एकाने गेटच्याच दगडावर नारळ वाढवला आणि सगळ्यांनी वाढवले. एका पोलिसाने टोपी काढून प्रसाद घेतला. घरी आल्यावर बाबांनी खोबऱ्याचे तुकडे आईच्या हातात दिले, आईने वड्या केल्या, आणि आम्ही त्या खाल्ल्या. पुढे बाबांनी दोन-तीन ठिकाणी वॉचमनचं काम केलं, आणि मी बारावीत असताना ते गेले. साच्याची पूजा पुन्हा कधी झाली नाही.

मी शिकत गेले. हुशार होते असं लोक म्हणत. मला वाटतं, खोलीत बसून करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. एमएस्सी झाल्यावर एका संशोधन संस्थेत पीएचडीला लागले. तोवर आमच्या भागातल्या गिरण्या पाडायला सुरुवात झाली होती. रोज सकाळी मी मोडक्या भिंतींवरून, विटांच्या ढिगाऱ्यांच्या कडेने प्रयोगशाळेत जायची आणि दिवसभर कापूर जाळत बसायची.

कापूर जाळणं हे खरंच माझं काम होतं. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या बनवायच्या होत्या. केसापेक्षा हजारो पटींनी बारीक. नळीत नळी, तिच्यात आणखी नळी, अशा अनेक भिंतींच्या. क्वार्ट्झची हातभर नळी भट्टीत आडवी ठेवायची, तिच्यातून आर्गॉन वायू सोडायचा, एका टोकाला कापूर ठेवून तो हलक्या आचेवर उडवायचा. कापराची वाफ पुढे सरकते, भट्टीच्या मध्यावर साडेआठशे अंशांत फुटते आणि तिच्यातला कार्बन मोकळा होतो. तिथे चिनीमातीच्या बोटभर लांब होडीत धातूची भुकटी ठेवलेली असते. धातू योग्य असेल तर कार्बन त्याच्या कणांवर नळ्यांच्या रूपात वाढतो. नसेल तर काजळी धरते. कापूर कार्बनचा उत्तम पुरवठादार आहे आणि लालबागच्या कुठल्याही पूजासाहित्याच्या दुकानात मिळतो. माझ्या ओढणीला, केसांना, डब्यातल्या पोळीला कापराचा वास असे. आई म्हणायची, "आमका आरतीक एक वडी पुरता, तू रोज मूठभर जाळतंस. देव तुझ्यावर केवढो प्रसन्न होतलो?"

देव प्रसन्न होत नव्हता, कारण माझ्या मार्गदर्शक सरांचा हट्ट. सगळं जग या नळ्या लोखंड, कोबाल्ट, निकेल यांच्यावर वाढवत होतं. आमच्या सरांना त्या तांब्यावर वाढवून दाखवायच्या होत्या. तांब्यावर जमल्या तर ती नवी गोष्ट झाली असती. सर मूळचे पुण्याचे, बोलणं मऊ, शब्द मोजके, आणि डोक्यात एकदा घेतलं की घेतलं. अडीच वर्षं मी तांब्याची भुकटी वेगवेगळ्या तऱ्हेने बनवत होते आणि अडीच वर्षं होडीतून काजळी खरवडत होते. शेवटी गणपतीनंतर सरांनी मला खोलीत बोलावलं आणि म्हणाले, "हे बघा परब, दिवाळीपर्यंत काही दिसलं नाही तर आपण दोघांनीही वास्तव स्वीकारलेलं बरं." वास्तव म्हणजे पीएचडी सोडून घरी जाणं. मी बरं म्हटलं आणि बाहेर येऊन पाणी प्यायले. मला रडू आलं नाही. इतकी दमले होते की थोडं बरंच वाटलं.

पुस्तकात लिहिलेलं असतं की उत्प्रेरक काम घडवून आणतो आणि स्वतः तसाच राहतो. मी आजही वर्गात तसंच लिहून देते, कारण परीक्षेला तेच लागतं. भट्टीत तसं काही होत नाही. धातूचा कण कार्बन पोटात घेतो, पोट भरलं की बाहेर टाकतो, त्याची नळी होते, नळीवर नळी चढत जाते. शेवटी कार्बन चहूबाजूंनी चढतो आणि कण आत गुदमरतो. मग नळ्या आम्लात उकळून तो कण धुऊन काढायचा, कारण तयार मालात धातू म्हणजे भेसळ. परळ-लालबागमध्ये वाढलेल्या माणसाला हे शिकवताना उपमा सुचतातच. मला त्या उपमांचा आता वीट आला आहे, म्हणून इथे देत नाही.

सावंतमामा आमच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. त्यांच्या आधीच्या माणसाच्या हातून क्वार्ट्झची एक नळी फुटली, सरांनी कंत्राटदाराला एक फोन केला आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी मामा आले. त्यामुळे आपली नोकरी कशी आली आणि कशी जाऊ शकते हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ते बाबांच्याच गिरणीत सूतखात्यात होते. संपानंतर त्यांनी भाजी विकली, लग्नांत वाढप केलं, कुणाच्या तरी दुकानात गोण्या उचलल्या. महिन्याच्या महिन्याला पगार मिळेल अशी ही त्यांची वीस वर्षांतली पहिली नोकरी. माझं आडनाव ऐकल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं होतं. "साचेवाल्या परबाचा चेडू तू? तुझ्या बापाशीचो साचो म्हणजे आरसो. तोंड बघून घ्यावा." मग एकदम मान खाली घालून फडका मारायला लागले. त्यानंतर मी त्यांच्यासाठी 'बाय' झाले आणि ते माझे मामा.

मामांना एका जागी बसवत नसे. टेबलं पुसून झाली की पुन्हा पुसायचे. त्यांना एकच सक्त ताकीद होती: भट्टीच्या आतल्या वस्तूंना हात लावायचा नाही. नळी, होड्या, भुकट्यांच्या बाटल्या, काही नाही. सरांनी ते कागदावर इंग्रजीत छापून कपाटावर चिकटवलं होतं, आणि मी मामांना मराठीत सांगितलं होतं. मामा मान हलवायचे आणि काळपट पडलेल्या त्या होड्यांकडे अशा नजरेने बघायचे की जणू कुणाच्या घरी खरकटी भांडी तशीच पडली आहेत.

त्या वर्षी नवरात्रात सर परगावी परिषदेला गेले होते आणि मी भट्टी पेटवलीच नव्हती. अष्टमीला मामांनी मला विचारलं, "बाय, उद्या खंडेनवमी. भट्टी पुजूया काय?" मी म्हटलं, "पुजा, मामा. आता तेवढंच राहिलंय." मी कडवटपणे बोलले होते, त्यांनी सरळ घेतलं. नवमीला सकाळी जाऊन पाहते तर भट्टीला झेंडूची माळ, दारावर हळदकुंकवाची बोटं, समोर नारळ, आणि एका ताटलीत माझ्याच बरणीतला कापूर. जमीन लखलखत होती. मामांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. आम्ही दोघांनीच आरती म्हटली, मधलं कडवं दोघांनाही येत नव्हतं. मला एकाएकी बाबांचा साचा आठवला, त्याचं ते गार लोखंड, आणि अडीच वर्षांत पहिल्यांदा मी त्या खोलीत रडले. मामांनी तिकडे लक्ष नसल्यासारखं करून माझ्या हातावर खोबरं ठेवलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीची तांब्याची भुकटी होडीत घातली. होड्या जरा उजळ, किंचित गुलाबीसर वाटल्या. मला वाटलं, कुंकवाचे हात लागले असतील, भट्टीत जळून जाईल. संध्याकाळी भट्टी निवल्यावर होडी बाहेर काढली तर आतला काळा पदार्थ काठाच्या वर आला होता, टम्म फुगलेल्या वड्यासारखा, हलका, स्पंजासारखा. काजळी अशी नसते. मी पुन्हा केलं, पुन्हा तसंच आलं. नमुने घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक असलेल्या दुसऱ्या संस्थेत गेले. पडद्यावर नळ्याच नळ्या होत्या, विस्कटलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या. सरांना फोन केला. ते म्हणाले, "तांब्यावर?" मी म्हटलं, "तांब्यावर, सर." परत येताना त्यांनी पेढे आणले. लेखाचा मसुदा दिवाळीच्या सुट्टीत सुरूही झाला.

आनंदाचे ते तीन आठवडे मला आठवतात तेव्हा एकच गोष्ट आठवते: मला झोप लागत असे. बाकी मी काही विशेष केलं नाही. आईला एक साडी घेतली, हिंदमातेच्या दुकानातून, तिने ती बदलून आणली.

मग नव्या होड्या आल्या आणि नव्या होड्यांत काजळी धरली. तीच भुकटी, तोच कापूर, तीच आच. जुन्या होडीत नळ्या, नव्या होडीत काजळी. याचा अर्थ सरळ होता. तांबं काहीच करत नव्हतं. जे काही होतं ते होडीत होतं. मी जुन्या होडीतले नमुने घेऊन पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे गेले आणि त्यात कोणकोणती मूलद्रव्यं आहेत ते तपासून द्यायला सांगितलं. तिथल्या बाईंनी आलेखावर बोट ठेवून विचारलं, "लोखंड वापरता का तुम्ही?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग कुणीतरी घातलंय."

मी मामांना जिन्यात गाठलं. "मामा, खंडेनवमीला तुम्ही होड्यांना काय केलंत?"

त्यांचा चेहरा आधी फुलला आणि मग माझ्याकडे बघून उतरला. "घासलंय गो. काळ्याकुट्ट होत्यो. खरकट्या भांड्याक हळदकुंकू लावतत काय कोण? साचो पुजूच्या आधी घासूचोच लागता."

"कशाने घासल्या?"

"विटकरीच्या पुडीन. माझी आवस समई घासायची तशी. गिरणीच्या पडक्या भिंतीकडना एक वीट आणलंय, जुनी वीट बरी, मऊ कुटता. आठ दिवस थोडी थोडी घासत होतंय." मग हळूच, "काय इस्कटला काय बाय?"

वीट लाल असते ती लोखंडाच्या गंजाने. हे मला पहिल्या दिवशी, होडीचा गुलाबी रंग बघूनच कळायला हवं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. न चकाकवलेल्या चिनीमातीच्या चरांत ती पूड जाऊन बसली होती आणि माझ्या सगळ्या नळ्या तिच्यातल्या लोखंडावर वाढल्या होत्या. मी मामांना म्हटलं, "काही नाही. तुम्ही कुणाला बोलू नका." त्यांनी जिन्याचा कठडा धरला. त्यांनाही कळलं होतं की आधीचा माणूस एका नळीपायी गेला, आणि इथे तर सरांचा सगळा दावाच गेला होता.

दोन दिवस मी गप्प राहिले. गप्पच राहिले असते तरी चाललं असतं. लेख छापून आला असता, मला पदवी मिळाली असती, आणि मग जगात कुठेतरी कुणीतरी तांब्यावर नळ्या वाढवायला जाऊन काजळी खरवडत बसला असता. अडीच वर्षं ते केल्यामुळे मला ते सहन होईना. मी सरांना जाऊन सांगितलं की होड्यांत लोखंड आहे, विटकरीच्या पुडीचं. सरांनी चष्मा काढला. "कुणी केलं हे?" दार अर्धवट उघडं होतं आणि दारात मामा पाण्याची बाटली घेऊन उभे होते. मी म्हटलं, "मी, सर. काजळी निघत नव्हती म्हणून घासल्या." सरांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "ही प्रयोगशाळा आहे परब, मोरी नव्हे." एवढंच. पुढचे पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मामांनी दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर घरचे तांदळाचे लाडू आणून ठेवले आणि निघून गेले. त्या वेळी मी खोटं बोलले याचा मला अजिबात पश्चात्ताप नव्हता, आजही नाही. इथपर्यंतची मी मला आवडते.

सोळाव्या दिवशी सरांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर, खरंच, एक वीट होती. "तांबं विसरा," ते म्हणाले. "वीटच घाला. नुसती. कुटून, चाळून." मी वीट कुटली. नळ्या आल्या. वेगवेगळ्या भागांतल्या विटा आणल्या, गेरू आणला, कौलं आणली. महागड्या धातूंच्या जागी रस्त्यावरची वीट चालते, ही गोष्ट लोकांना फार आवडली. लेख छापले गेले, लोक पत्रं लिहून विचारू लागले. प्रबंधाचं पाचवं प्रकरण विटेचं होतं आणि बाकीची चार प्रकरणं कुणी वाचलीच नाहीत. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात, तशातली गत. माझी पदवी, माझी नोकरी, सातरस्त्याजवळचं आमचं घर, हे सगळं त्या पाचव्या प्रकरणावर उभं आहे. मी हे आढ्यतेने सांगत नाही, थकून सांगते आहे.

आणि मग तोंडी परीक्षेचा दिवस. बाहेरून आलेले दोन परीक्षक, त्यांतले एक पिकलेल्या केसांचे, फार सज्जन. सर खुशीत होते. मामा चहाचा ट्रे आणि बिस्किटं घेऊन भिंतीला टेकून उभे होते, कारण प्रश्न चालू असताना मध्ये जायचं नाही असं त्यांना सांगितलेलं होतं. म्हाताऱ्या परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, "ही विटेची कल्पना मुळात सुचली कुणाला? फार सुंदर आहे."

त्या क्षणी मामांचं नाव घेतलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. सरांचा राग कधीच गेला होता. तोपर्यंत त्या विटेने सरांचंही नाव झालं होतं. त्यांनी उठून मामांशी हात मिळवला असता, असंच मला आज वाटतं, आणि तेव्हाही वाटलं. मी या सगळ्याचा त्या दोन-तीन क्षणांत नीट विचार करून पाहिला. मग म्हटलं, "मला." सर हसून म्हणाले, "तिने स्वतःची भांडी स्वतः घासली." सगळे हसले. सगळे हसले म्हणून मामाही हसले आणि चहा घेऊन पुढे आले. पहिल्यांदा खोटं बोलले ते त्यांच्या नोकरीसाठी. त्या दिवशीचं खोटं निव्वळ माझ्यासाठी होतं, आणि त्याला दुसरं कुठलंही नाव मला अजून सापडलेलं नाही.

बाहेर आल्यावर मामांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "बाय, आजपण तू माका सांभाळून घेतलंस." मी म्हटलं, "असू दे, मामा."

मामा पुढे त्याच नोकरीतून साठी उलटल्यावर निवृत्त झाले. दर दसऱ्याला संध्याकाळी ते आपट्याची पानं घेऊन आमच्या घरी यायचे. माझ्या मुलीच्या हातावर सोनं ठेवायचे आणि तिला सांगायचे, "तुझ्या आवशीन माझी भाकरी वाचवलेली हा. चुकी माझी, आणि बोलणी खाल्ल्यान तिणा." मुलगी लहान होती तोवर डोळे मोठे करून ऐकायची, पुढे मोबाइलमध्ये बघत ऐकायची. मामा हे बोलता बोलता माझ्याकडे बघायचे. मी स्वयंपाकघरात जायचे. काहीतरी तळायचं राहिलेलं असायचंच. नवऱ्याने एकदा विचारलं, "एवढं काय केलंस गं तू त्यांच्यासाठी?" मी म्हटलं, जुनी गोष्ट आहे. मला प्रत्येक वेळी वाटायचं की आज सांगू, बाहेर जाऊन सांगू, आणि तेवढ्यात ते उठून चपला घालायचे.

गुडघे गेले तसे मामा गावी कणकवलीला गेले. आता दसऱ्याला फोन येतो. कानाला कमी ऐकू येतं म्हणून ते मोठ्याने बोलतात आणि मीही मोठ्याने बोलते. यंदाही आला. मुलीची चौकशी झाली, त्यांच्या गुडघ्यांची झाली. मग नेहमीप्रमाणे त्यांनी विषय काढला, की बाय, तू होतंस म्हणून. मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. ऊन डोक्यात जात होतं. मी फार दमले होते. न सांगणं चालू ठेवायलाही ताकद लागते आणि ती माझ्यात उरली नव्हती, एवढंच झालं.

"मामा," मी ओरडूनच म्हटलं, "ती चूक नव्हती तुमची. तुम्ही विटकरीने घासलंत म्हणून माझी डिग्री झाली. सगळं त्याच्यावर झालं. परीक्षेत विचारलं तेव्हा मी तुमचं नाव घेतलं नाही."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही, पुन्हा सांगावं लागणार.

"तां माका ठावक आसा गो," मामा म्हणाले. आता ते मोठ्याने बोलत नव्हते. "मी थंयच होतंय ना, चायचो ट्रे घेऊन. तो म्हातारो ब्रिक ब्रिक करी होतो. ब्रिक म्हणजे वीट, एवढा इंग्रजी माका येता."

माझ्या हातातली ओली चादर तशीच राहिली. मी विचारलं, "मग इतकी वर्षं आभार कशाला मानत होतात?"

"इषय कोणीतरी काढूक होयो ना. मी दर दसऱ्याक काढी. म्हटलंय, आज सांगात चेडू."